पेशंटसोबत कोण आहे?

(दिल्लीत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दवाखान्यात पाय ठेवला की पहिला प्रश्न काय विचारतात? काय होतंय, हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारतात, "पेशंटसोबत कोण आहे?" कुणीतरी सोबत असेलच, हे या व्यवस्थेनं गृहीत धरलेलं आहे. केसपेपर काढायला, रक्ताची नळी लॅबमध्ये पोचवायला, स्ट्रेचर ढकलायला, रात्री सलाईन संपली की सिस्टरला उठवायला माणूस लागतो. त्या माणसाला पगार नसतो आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. पण तो नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यातला उपचार पुढे सरकत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील इथून हजार-बाराशे किलोमीटरवर आहेत. फोन केला तर ते रडतील, कर्ज काढतील, जनरल डब्यातून उभ्यानं येतील. आल्यावर त्यांना ना इथली हिंदी नीट कळेल, ना इंग्रजीतला रिपोर्ट. घरात पहिल्यांदा कॉलेज पाहिलेले आपण. दवाखान्यातला कागद वाचणारेही आपणच पहिले. ज्यांच्या घरी काका डॉक्टर आणि मावशी लॅबमध्ये असते, त्यांचं अर्धं काम एका फोनवर होतं. आपल्याकडे तो फोन नंबर नाही. आपल्याकडे मित्र आहेत. म्हणून आज मैत्रीवर बोलायचं आहे. भावनेपेक्षा कामाबद्दल जास्त बोलेन.

माझी एक मैत्रीण आहे. गोंदिया जिल्ह्यातली. "गोष्ट सांग, नाव सांगू नकोस," असं तिनंच सांगितलंय, म्हणून नाव घेत नाही. तिला सिकलसेल आहे, एसएस प्रकारचा. इथं बसलेल्या विदर्भातल्या लोकांना हा शब्द नवा नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकतात तिथं ऑक्सिजन पोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, कमी पाणी, ताप, अतिश्रम, यातलं काहीही निमित्त पुरतं. दिल्लीची जानेवारी म्हणजे तिच्यासाठी परीक्षाच.

आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. तपासल्याशिवाय त्याला कळतही नाही.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध बघा. विदर्भात हा आजार गोंड, माडिया, परधान आणि आपल्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. इतर समाजांतही आहे, पण आपल्याकडे जास्त दिसतो. म्हणून काही लोक कुजबुजतात, "यांच्या रक्तातच दोष आहे." हे साफ खोटं आहे. जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथं वाहक लोक मलेरियातून जास्त वाचले, म्हणून हा जीन टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठीही हेच झालं. आणि तो ठरावीक समाजांतच का साचून राहिला? कारण लग्नं जातीतच लावली गेली. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की जातीचा गाभा सजातीय विवाहात आहे. रक्त शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली जी कुंपणं घातली, त्यांनी दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढवली. दोष कुठं शोधायचा असेल तर त्या कुंपणात शोधा.

तर ही मैत्रीण. तिला पहिल्या वर्षी थंडीत क्रायसिस आला. रात्री अकरा वाजता कंबर आणि दोन्ही मांड्या. आम्ही तिघी तिला रिक्षात घालून एका दवाखान्यात घेऊन गेलो. बीपी बरोबर, ताप नाही, एक्स-रे नॉर्मल. जखम नाही, सूज नाही. आणि पोरगी ओरडतेय. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, "परीक्षा जवळ आली आहे का?" मग पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं, कोणत्या कोट्यातून प्रवेश झाला तेही विचारलं. मांडीच्या दुखण्याचा आणि कोट्याचा काय संबंध, हे आजवर कुणी मला समजावून सांगितलेलं नाही. एक साधी वेदनाशामक गोळी देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं. तिनं जास्त ताकदीचं इंजेक्शन मागितलं तर सिस्टर म्हणाली, "हिला नावं पण पाठ आहेत." म्हणजे व्यसनी ठरवून मोकळे.

लहानपणापासून ज्या आजारात जगलो, त्याच्या औषधाचं नाव पाठ असणं हा गुन्हा कसा? मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिनचं नाव पाठ असतं, तेव्हा त्याला जागरूक म्हणतात.

मला यात नवल वाटलं नाही. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. 1929 च्या डिसेंबरमध्ये त्याचं पत्र 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि आजारी पडली. डॉक्टरनं वस्तीत यायला नकार दिला. बाईला वस्तीबाहेर आणावं लागलं. थर्मामीटर डॉक्टरनं एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याला दिला, नवऱ्यानं बायकोला. परत तसाच उलटा प्रवास. डॉक्टरनं हात न लावताच न्यूमोनिया असल्याचं सांगितलं. बाई वाचली नाही. लक्षात घ्या, तो नवरा शिक्षक होता. शिकलेला होता आणि फीचे दोन रुपये द्यायला तयार होता. शिक्षण आणि पैसा दोन्ही असून डॉक्टरचा हात त्याच्या बायकोपर्यंत पोचला नाही.

आज थर्मामीटर असा हातोहात फिरत नाही. आज तुम्हाला हात लावतात, पण तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. दुखतंय असं तुम्ही म्हणता, तेव्हा ते खरं मानायचं की नाही, हे तुमच्या भाषेवर, कपड्यांवर, आडनावावर ठरतं. सगळे डॉक्टर असे नसतात. त्याच रात्री पहाटे पाळी बदलल्यावर आलेल्या तरुण डॉक्टरनं तिचा जुना रिपोर्ट वाचला, सलाईन लावली, नीट वेदनाशामक दिलं आणि ऑक्सिजनची पातळी तपासली. तो कुठल्या जातीचा होता माहीत नाही, विचारायचं कारणही नव्हतं. त्यानं कागद वाचला, एवढंच. पण कागद सोबत होता म्हणून वाचला.

तिथून आम्ही शिकलो. त्या वर्षी आम्ही पाच जणांनी कामं वाटून घेतली. ती तुम्हाला सांगते, कारण ती कुणालाही करता येतात.

पहिलं काम फाईलचं. एका माणसाकडे फाईल. सगळ्यात वर एकच पान: नाव, वय, रक्तगट, आजाराचं नेमकं नाव, रोजची औषधं आणि त्यांचं प्रमाण, कशाची ॲलर्जी, शेवटचं हिमोग्लोबिन, रक्त कधी चढवलं, नेहमीच्या डॉक्टरचा नंबर. हे पान हातात दिलं की डॉक्टरला पाच मिनिटांत चित्र कळतं आणि "नाटक करतेय" म्हणणं अवघड जातं. प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवायचा. दवाखाना कागद देत नसेल तर लेखी अर्ज करायचा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात.

दुसरं काम पैशाचं. आम्ही एक साधी वही केली. कुणी किती दिले, कशावर गेले, सगळं लिहायचं. मैत्रीत हिशोब कशाला, असं वाटेल. पण स्कॉलरशिप सहा-सहा महिने उशिरा येणाऱ्या पोरांच्या मैत्रीत हिशोब नसला की मनात अढी बसते. नंतर आम्ही वीस जणांनी महिन्याला पन्नास रुपये काढायला सुरुवात केली. वर्षाचे बारा हजार होतात. ऑपरेशन होणार नाही त्यात, पण रात्रीची रिक्षा, तपासणी, दोन दिवसांचं जेवण निघतं. मुख्य म्हणजे त्या रात्री कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

तिसरं काम रात्रीचं. एकाच माणसानं सलग दोन रात्री जागायचं नाही. हा नियम मोडला की तिसऱ्या दिवशी तो माणूस चिडतो, आणि चिड पेशंटवर निघते.

चौथं काम घरच्या फोनचं. रोज एका ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं, खरं तेच सांगायचं. पाच जणांनी पाच प्रकारे सांगितलं की तिकडे आईचा जीव टांगणीला लागतो. पाचवं काम कॉलेजचं: नोट्स, हजेरीचा अर्ज, मेडिकल सर्टिफिकेट. आजार बरा होतो आणि वर्ष वाया जातं, हे आपल्या पोरांच्या बाबतीत फार होतं. एक वर्ष गेलं की घरून लग्नाचा किंवा नोकरीचा निरोप येतो आणि शिक्षण तिथंच थांबतं.

आता "नातेवाईक कुठे आहेत?" या प्रश्नाकडे येते. "आम्ही मैत्रिणी आहोत" म्हटलं की समोरचा माणूस ऐकल्यासारखं करत नाही. रक्ताचं नातं पाहिजे, सही पाहिजे. हे नीट लक्षात ठेवा: शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती ही त्याची स्वतःची असते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली हेच सांगितलं. तिथं भूल दिलेल्या सज्ञान बाईच्या वतीनं तिच्या आईची संमती घेऊन जादा शस्त्रक्रिया केली होती. न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. जिवावरचं संकट असेल तर मात्र डॉक्टरनं सहीसाठी अडून बसायचं नसतं. परमानंद कटारा प्रकरणात 1989 सालीच न्यायालयानं सांगितलं आहे की आधी जीव वाचवा, बाकीचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी व खाजगी दोन्हीकडच्या डॉक्टरांना लागू आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2018 साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात 17 हक्क आहेत. आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येणं, पुरुष डॉक्टर तपासत असताना बाईपेशंटजवळ दुसरी बाई असणं, बिल बाकी आहे म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून न ठेवणं, हे त्यात आहे. ती सनद फोनमध्ये ठेवा. भांडायला नको, नुसती दाखवायला. आवाज चढवला की आपल्याला "गुंड" म्हणायला लोक तयारच असतात. शांतपणे कागद दाखवणाऱ्याला ते म्हणता येत नाही.

योजनांचंही तसंच. महाराष्ट्रात घरी कुणी आजारी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथं जायचं. आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. धर्मादाय रुग्णालयांना 2006 पासूनच्या योजनेप्रमाणे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोठमोठ्या काचेच्या इमारती बाहेरून पाहून आपले लोक आत जात नाहीत. त्यातली बरीच रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. आत जा आणि समाजसेवा अधीक्षकाला भेटा.

सिकलसेल असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आहे. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांसाठी पात्र होता. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकू द्यायचं आणि नोकरीच्या दारात सोडून द्यायचं. यावर आपल्या संघटनांनी आवाज उठवायला हवा. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. तपासणी चांगलीच आहे. पण ज्यांना आजार आहे त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरिया दर महिन्याला मिळतं का, रात्री क्रायसिस आला तर वेदनाशामक मिळतं का, हेही मोजा. नुसतं कार्ड वाटून वेदना कमी होत नाही.

आता मैत्रीतल्या अवघड गोष्टी. त्या बोलल्या नाहीत तर हे भाषण खोटं होईल.

आमच्या पाच जणांतला एक दुसऱ्या हिवाळ्यात यायचा बंद झाला. "माझी परीक्षा आहे," म्हणाला. परीक्षा खरीच होती. त्याच्या निकालावर घरची चार माणसं अवलंबून होती. आम्ही त्याला नावं ठेवली नाहीत, त्याला फक्त वहीचं काम दिलं. खोलीत बसून करण्यासारखं. प्रत्येकाची ताकद सारखी नसते. जो जेवढं करू शकतो तेवढं त्याच्याकडून घ्यायचं.

दुसरी गोष्ट उपकाराची. ती एकदा आमच्यावर खेकसली, "मी काय जन्मभर थँक्यू म्हणत बसू?" बरोबर होतं तिचं. मदत घेणाऱ्यानं सतत नम्र राहावं, ही अपेक्षा आपण फार जवळून भोगलेली आहे. ती मैत्रीत आणायची नाही. आजारी माणसाला चिडायचाही हक्क आहे.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. आजार कुणाला सांगायचा हे पेशंट ठरवेल. वॉर्डातला फोटो स्टेटसला टाकू नका. आपल्याकडे मुलीला सिकलसेल आहे कळलं की तिच्या लग्नाची, आईच्या नशिबाची चर्चा सुरू होते. मुलाचं असेल तर लपवतात. लग्नाआधी दोघांचीही तपासणी व्हावी, हे मी ठामपणे म्हणते. पण तपासणी निर्णय घेण्यासाठी असते, मुलीला नाकारण्यासाठी नसते.

चौथी गोष्ट, मित्र म्हणजे डॉक्टर नाही. काढे सुचवू नका, चालू औषध बंद करायला सांगू नका. सिकलसेलच्या माणसाला 101 च्या वर ताप, छातीत दुखणं, दम लागणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी दवाखाना.

आणि ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असते. तिसऱ्या वर्षी माझ्या मानेला गाठ आली. दोन महिने वेगवेगळी अँटिबायोटिक्स दिली गेली. प्रत्येक खेपेला नवा डॉक्टर, नवा केसपेपर, पुन्हा पहिल्यापासून. गाठीत सुई घालून तपासायला हवं, हे तिनं लावून धरलं, कारण दवाखान्यांत आयुष्य गेल्यानं तिला प्रश्न विचारायची सवय होती. निदान झालं, गाठीचा टीबी. माझ्या खोलीतल्या एका मुलीनं माझं ताट वेगळं ठेवायला सुरुवात केली. गाठीचा टीबी पसरत नाही, आणि फुप्फुसाचाही हवेतून पसरतो, ताटातून नाही. वेगळं ताट काय असतं, हे आमच्या आज्यांना विचारा. त्या संध्याकाळी माझी मैत्रीण मेसमध्ये माझ्यासमोर बसली आणि माझ्याच ताटातला भात खाऊ लागली. काही बोलली नाही. सहा महिने गोळ्या घेऊन मी बरी झाले. गोळ्यांनी बरी झाले हे खरं. पण गोळ्या सोडल्या नाहीत, त्याचं श्रेय त्या ताटाला आहे.

हे आपल्याकडे नवीन नाही. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये लोक आपल्या माणसांना सोडून पळत होते, तेव्हा सावित्रीमाई रोगी उचलून डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका अस्पृश्य पोराला त्यांनी पाठीवर आणलं. त्यातच लागण होऊन 10 मार्चला त्या गेल्या. आपण त्यांच्या शाळा आठवतो. पेशंटच्या सोबतीला उभी राहिलेली ही बाईही आठवली पाहिजे.

पण एक गल्लत करू नका. मित्र आहेत म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. आपल्या वहीतले पन्नास रुपये त्यातच येतात. वॉर्डात पुरेशा परिचारिका असत्या, स्ट्रेचर ढकलायला माणूस असता, तर कुणाची परीक्षा बुडाली नसती. म्हणून सोबत करायची आणि मागणीही करायची. एक केली म्हणून दुसरी सुटत नाही.

आज घरी जाण्याआधी एवढंच करा. शेजारी बसलेल्याचा नंबर घ्या आणि त्याला तुमचा रक्तगट, तुमची औषधं, घरचा एक नंबर सांगून ठेवा. त्याचंही विचारून घ्या. कुणी दोन दिवस मेसला दिसलं नाही तर खोलीचं दार वाजवा. आजार मनाचा असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पण नंबर देऊन निघून जाऊ नका, फोन होईपर्यंत जवळ बसा.

मागे वह्या ठेवल्या आहेत. ज्यांना महिन्याचे पन्नास रुपये जमतील त्यांनी नाव लिहा. ज्यांना जमणार नाहीत त्यांनीही लिहा, रात्रीच्या पाळीला माणसं कमी आहेत.

जयभीम.